फिनिक्स पार्क ते कूपर्स क्रीक

डब्लिनच्या फिनिक्स पार्कात, चॅपेलिझॉडच्या बाजूला, सेंट मेरीज हॉस्पिटल आहे. पूर्वी तेथे सैनिकांच्या मुलांसाठी रॉयल हायबर्नियन मिलिटरी स्कूल होते. टायरोन काउंटीतल्या मॉय गावचा जॉन किंग तेथे शिकला, पोरवयातच पलटणीत भरती झाला आणि हिंदुस्थानात पोहोचला. १८५७ साली तो पेशावरकडे होता. पुढे लष्कर सोडून, ऑस्ट्रेलियासाठी उंट घ्यायला आलेल्या जॉर्ज लँडेल्सकडे त्याने नोकरी धरली.

हे उंट मेलबर्नहून उत्तरेच्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या मोहिमेसाठी होते. प्रमुख रॉबर्ट ओहारा बर्क, गॉलवेचा. २० ऑगस्ट १८६० रोजी मोहीम निघाली. उंटांबरोबर आपल्याकडची माणसेही होती. त्यांतला समला हिंदू होता. शिध्यात गोमांस, म्हणून त्याने थोड्याच दिवसांत काम सोडले. (परदेशात ‘यात बीफ आहे का?’ विचारणाऱ्या आपल्यासारख्यांचा हा पूर्वजच!)

कूपर्स क्रीकच्या तळावरून बर्क, विल्स, ग्रे आणि किंग पुढे गेले. फेब्रुवारी १८६१ मध्ये भरतीचे खारे पाणी लागले, पण तिवरांच्या जंगलामुळे समुद्र काही दिसला नाही. परतताना ग्रे वारला. उरलेले तिघे २१ एप्रिलच्या संध्याकाळी तळावर आले, तर तळावरची माणसे त्याच सकाळी निघून गेलेली! झाडावर ‘खणा’ असे कोरून थोडा शिधा पुरलेला होता.

आल्या वाटेने परतावे असे विल्स आणि किंगचे मत होते. बर्कने मात्र सुमारे २४० किलोमीटरवरच्या माउंट होपलेसजवळील स्टेशनची वाट धरली. स्टेशन म्हणजे रेल्वेचे नव्हे, गुरांचे अफाट रान. ‘लांडा’ नावाचा उंट चिखलात रुतला, ‘राजा’ थकला, पाणी मिळेना. तिघे पुन्हा क्रीककाठी आले.

त्या काठी यांड्रुवांधा लोक सुखाने नांदत होते. त्यांनी मासे आणले, तर बर्कने पिस्तूल झाडून त्यांना हाकलले. मग तिघे नार्डू नावाच्या नेचाची बीजासारखी फळे कुटून खाऊ लागले. पोट भरे, अंगातली शक्ती मात्र जाई. १९९४ साली दोन संशोधकांनी याचे कारण मांडले: नार्डूत थायामिनेज हे एन्झाइम असते, ते ब जीवनसत्त्वातले थायामिन नष्ट करते आणि बेरीबेरी होतो. स्थानिक लोक नार्डू भाजून, दळून, पाण्यात कालवून खात. अळूच्या फदफद्यात चिंच का, हे आपल्या आयांनी कधी रसायनशास्त्र म्हणून सांगितले? न घातल्यास घसा खाजतो, एवढे पुरे होते. नार्डूचे तेच, फक्त शिक्षा जिवावरची.

जूनअखेरीस विल्स आणि बर्क गेले. किंग यांड्रुवांधांच्या आश्रयाला गेला. एका बाईचा हात दुखत होता. त्याने जखम धुऊन सिल्व्हर नायट्रेट लावले. ती ओरडत पळाली खरी, पण त्यानंतर ती आणि तिचा नवरा त्याला सकाळ-संध्याकाळ नार्डू देऊ लागले. सप्टेंबर १८६१ मध्ये हॉविटच्या शोधपथकाला तो जिवंत सापडला.

किंग १८७२ मध्ये क्षयाने वारला. त्याच दशकात कूपर्स क्रीकवरच इनामिंकासारखी गुरांची स्टेशने उभी राहिली. आज लिंडहर्स्टहून इनामिंकाला सुमारे ४७० किलोमीटरचा स्ट्रझेलेकी ट्रॅक जातो. बर्क पायी ओलांडू पाहत होता, तोच हा मुलूख.