परसातले वाटेकरी

तुये गावातल्या आमच्या जुन्या घराच्या परसात एक उंबर होता. तो कोणी लावला ते आजोबांनाही ठाऊक नव्हते. उंबर बहुधा कोणी लावतच नाही. पाखराच्या विष्ठेतून बी पडते आणि घरचा माणूस रोपटे उपटत नाही, एवढेच. कुंपणाची भिंत सरळ यावी म्हणून तो मी स्वतः उभा राहून तोडविला. मुलांना इतिहास शिकविणार्‍याच्या हातून घरचाच एक दस्तऐवज असा फाडला गेला. ती चूक कळायला काही वर्षे जावी लागली.

पाखरांसाठी, फुलपाखरांसाठी मुद्दाम बाग करावी, असे हल्ली शहरांतून सांगितले जाते. सांगणे चांगलेच आहे; परंतु पेडणे-डिचोलीच्या माणसाला ते नवे वाटण्याचे कारण नाही. आपले कुळागर आठवा. झरीचे पाणी पाटाने खेळवायचे. त्यावर पोफळी, पोफळीवर मिरवेल, मधूनमधून माड, केळी, फणस. उंच, मध्यम, बुटके असे सावलीचे थर. धन्याने लावले ते सुपारीसाठी. पण बेडूक, खार, मुंगूस, पाखरे यांची सोय त्यातच झाली. वरच्या फांद्यांवरचा फणस वानराचा, हे कोणी लिहून ठेवले नव्हते, तरी पाळले जात असे.

देवराईचे तेच. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळे पोर्तुगीज राजवटीत पाडली गेली. पेडणे महाल मात्र १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होता. तो पोर्तुगिजांकडे गेला तेव्हा धर्माच्या सक्तीचा पहिला जोर ओसरला होता, आणि नव्या काबिजादींत देव, गावकार व मानपान बरेचसे जागच्या जागी राहिले. देव राहिला म्हणून राई राहिली, असे मला वाटते. सह्याद्रीतल्या देवरायांवर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात शोधनिबंध लिहिले, तेव्हा विद्वानांचे लक्ष तिकडे अधिक वळले. आपल्या आज्यांनी निबंध वाचले नव्हते. तिथली काटकी चुलीत घालायची नाही, एवढे त्यांना पुरे होते.

परक्या झाडांनाही इथे जागा मिळाली. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. आज तो आपल्या डोंगरांचा मालक झाल्यासारखा वाटतो. त्याची बोंडे वटवाघळे खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. पण नुसता काजू म्हणजे रान नव्हे. माडगरुडाचे, म्हणजे धनेशाचे, उदाहरण घ्या. त्याला वड, उंबर, काजरा यांची फळे लागतात आणि घरट्यासाठी जुन्या खोडातली ढोली. मादी ढोलीत शिरते, आतून तोंड लिंपून घेते, आणि नर बाहेरून फटीतून तिला फळे भरवतो. ढोली असलेले जुने झाड तोडले, तर त्याचे घर मोडले. उंबर तोडला, तर त्याचे ताट काढून घेतले. मी ताट काढून घेतले होते.

तुयेपासून मोपाचा सडा फार दूर नाही. तिथल्या विमानतळाच्या पर्यावरण परवानगीला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगिती दिली, जानेवारी २०२० मध्ये ती उठविली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. हजारो झाडे गेली. विमानतळ हवा की नको, हा वाद इथे काढत नाही. सड्यावरचा निर्णय आपल्या हाती नव्हता. परसातला मात्र आहे.

आपल्या सणांनीच या झाडावेलींची यादी जपली आहे. चतुर्थीच्या माटोळीला आंबाडे, कवंडळ, कांगणी, माटीची फळे लागतात. नरकचतुर्दशीला अंगठ्याखाली फोडायला कारीट लागते. पूर्वी ते कुंपणावर मिळे. आता बाजारात विकत घ्यावे लागते. चिर्‍याच्या गुळगुळीत भिंतीवर कारीट चढणार कशी?

शाळेमागच्या मोकळ्या जागेत हिरवळ लावावी, अशी सूचना मध्यंतरी आली होती. मी नम्रपणे नकार दिला. तिथे मुलांनी उंबर, कढीपत्ता, लिंबू लावले आणि एक रुई उगवली होती ती ठेवली. कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या आल्या तेव्हा एका मुलाने औषध फवारू का, म्हणून विचारले. म्हटले, ‘‘थांब, पंधरा दिवस पाहू.’’ पाने गेली, फुलपाखरे उडाली, पुन्हा पालवी आली.

वाचकहो, यंदा दिवाळीला परस झाडाल तेव्हा एक कोपरा झाडू नका. आमचा उंबर अजून गुडघ्याएवढाच आहे. तो फळेल तेव्हा मी निवृत्त झालेला असेन. माडगरूड येईल की नाही, सांगता येत नाही. रोज शाळेत शिरताना मी आधी तिकडे पाहतो, मग घंटा होते.