गर्भपाताचा निर्णय : राज्याचा की व्यक्तीचा?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपात हा स्त्रीचा घटनात्मक अधिकार मानला. २४ जून २०२२ रोजी 'डॉब्स' खटल्यात तो निकाल रद्दबातल ठरला व याविषयीचे कायदे करणे पुन्हा लोकप्रतिनिधींकडे आले. त्यानंतर टेक्सास राज्यात मातेच्या जिवाला गंभीर धोका असल्याखेरीज गर्भपातास बंदी झाली. ओहायोच्या मतदारांनी मात्र २०२३ साली हा व्यक्तीचा अधिकार म्हणून राज्यघटनेत समाविष्ट केला. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार जन्मास न आलेल्या बालकाचा जीवनाधिकार राज्याच्या, व्यक्तीच्या वा बहुमताच्या इच्छेवर अवलंबून नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ सालच्या 'एव्हांजेलियुम व्हीते' या परिपत्रकात हे प्रतिपादन केले. त्याचबरोबर गर्भपात केलेल्या स्त्रियांना निराश न होता परमेश्वराच्या क्षमेवर विश्वास ठेवण्याचे आवाहनही केले.