वहीतले पेट्रोल

आमच्या वडिलांनी निवृत्तीनंतरही कित्येक वर्षे घरखर्चाच्या वह्या नेमाने लिहिल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या या वह्या गेल्या वर्षी माळ्यावरून खाली काढल्या, तेव्हा त्यांत आम्ही शोधत होतो भलतेच काही, आणि सापडले पेट्रोल. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. आधी लूना, पुढे एम-एटी. लूनाच्या काळातल्या नोंदी अशा : ‘पेट्रोल २ लि., ऑइलसह’, पुढे रक्कम, आणि कंसात त्या दिवसाचा दर. दर बदलला की त्या आकड्याखाली तांबड्या शाईची रेघ. महिनोन्‌महिने रेघ नाही, मग एकाएकी एक. १९९० सालच्या ऑक्टोबरात एक ठळक रेघ आहे, १९९१ च्या जुलैअखेर दुसरी. त्यानंतर दीडदोन वर्षांत नोंदीचे रूपच पालटते. लिटर जातात, कंसातला दर जातो. उरते ते ‘पेट्रोल ५०’. म्हणजे पन्नास रुपयांचे पेट्रोल. तांबडी रेघ पुन्हा दिसत नाही.

हा बदल आम्हाला साधा वाटला नाही. पेट्रोलच्या दराचा इतिहास समित्यांच्या अहवालांत आणि अर्थसंकल्पांत लिहिलेला आहे. परंतु तो दर गाडी चालवणाऱ्या सामान्य माणसाच्या ध्यानात कसा येत गेला आणि कसा येईनासा झाला, याचा इतिहास कोणी लिहायचा? मराठीच्या अध्यापकाने अर्थशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, हे आम्हाला मान्य आहे. तथापि ‘दोन लिटर द्या’ हे वाक्य मागे पडून ‘शंभरचे टाका’ हे वाक्य रूढ होते, ही घटना भाषेच्याही प्रांतातली आहे. तेवढ्याच आधारावर हे धाडस.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षे पेट्रोलचा व्यापार प्रामुख्याने परदेशी कंपन्यांच्या हाती होता : बर्मा-शेल, एस्सो (तिचे आधीचे नाव स्टॅनव्हॅक), कॅलटेक्स. मुंबईच्या माहूल-ट्रॉम्बे परिसरात १९५४-५५ साली शुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पण तिथे तयार झालेल्या पेट्रोलची किंमत मात्र ते जणू जहाजाने परदेशातून आणले आहे अशा हिशेबाने धरली जाई. परदेशी बंदरातला भाव, त्यावर जहाजाचे भाडे, विमा, जकात. या हिशेबाची पहिली गंभीर झाडाझडती घेतली ती १९६१ साली अहवाल देणाऱ्या दामले समितीने. (अध्यक्षांचे आडनाव पाहून मराठी वाचकाचे कान टवकारतील, आमचेही टवकारले होते.) पुढे तालुकदार समिती आली, शांतिलाल शाह समिती आली. गंमत अशी की ‘आयात केल्यासारखी किंमत’ ही कल्पना इतक्या समित्यांनंतरही मेली नाही. रंगराजन समितीच्या शिफारशीवरून २००६ साली ती ऐंशी टक्के आयात आणि वीस टक्के निर्यात अशा मिश्र सूत्रात पुन्हा अवतरली.

गाडीवाल्याला यांतले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला दर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसला तो १९७३ च्या अखेरीस. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झाले, अरब देशांनी तेलाचे हत्यार उपसले, आणि पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेला भाव १९७४ च्या जानेवारीत बाराच्या घरात गेला. आपल्याकडे सरकारने पेट्रोल मोठ्या प्रमाणात महाग केले. १२ नोव्हेंबर १९७३ रोजी अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत पोचले. पेट्रोलच्या दराची ही आपल्या सार्वजनिक स्मृतीतली पहिली प्रतिमा, आणि तीत पेट्रोलवर चालणारे एकही वाहन नाही! तेव्हा मोटार वा स्कूटर बाळगणारे थोडेच होते. तरीही भाववाढ साऱ्या देशाला दिसली, कारण ती एका रात्रीत, एका घोषणेने आणि एका सरकारच्या नावावर झाली होती.

पुढच्या चार-पाच वर्षांत चित्र पालटले. एस्सो १९७४ मध्ये सरकारच्या ताब्यात आली, बर्मा-शेल १९७६ मध्ये. त्यांची हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम ही नावे आज पंपापंपांवर दिसतात. मुंबई हाय येथे १९७४ साली तेल लागले आणि १९७६ पासून ते निघू लागले. १९७७ पासून दर ठरवण्याची नियंत्रित पद्धत रीतसर सुरू झाली. किंमत सरकार ठरवणार, कंपन्यांना ठरावीक परतावा मिळणार आणि चढउतार ‘ऑइल पूल’ नावाच्या खात्यात जिरवले जाणार. या खात्याचे काम एका परीने आमच्या वडिलांना जागतिक बाजार दिसू न देण्याचे होते. जगात भाव रोज हलो. लूनावाल्याला तो दोन वर्षांतून एकदा कळेल.

पण जेव्हा कळे तेव्हा धक्का बसे. ‘मध्यरात्रीपासून’ हा शब्द आमच्या पिढीच्या कानात बसला आहे तो यामुळे. संध्याकाळच्या बातम्यांत दरवाढ जाहीर झाली की जेवण अर्धे टाकून माणसे पंपाकडे धावत. स्कूटरींची रांग रस्त्यापर्यंत येई. एखादा पंपमालक नेमका त्याच वेळी ‘स्टॉक नाही’ची पाटी लावी आणि रात्री बारानंतर त्याचा साठा चमत्काराने परत येई. रांगेत भांडणे होत, सरकारला शिव्या दिल्या जात, कोणीतरी १९७३ ची आठवण काढी. कुवेतवरच्या इराकी आक्रमणानंतर ऑक्टोबर १९९० मध्ये पंचवीस टक्क्यांचा आखाती अधिभार आला. वडिलांच्या वहीतली पहिली ठळक रेघ तीच. २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंग यांनी पेट्रोल वीस टक्क्यांनी महाग केले, ती दुसरी. उदारीकरणाच्या इतिहासात त्या भाषणाला मानाचे पान आहे. आमच्या घरातल्या इतिहासात त्याला एका रेघेचे स्थान आहे, आणि नंतर लिटर लिहिणे थांबले याला तेच निमित्त झाले असावे असा आमचा तर्क. पगार ठरावीक, तेव्हा दर कितीही होवो, पन्नासाचेच भरायचे आणि तेवढेच फिरायचे. पन्नासच्या नोंदीत गाडी किती कमी फिरली हे लिहिलेले नाही. आईला मात्र ते आठवते : त्या वर्षापासून मामाच्या गावचे रविवार कमी झाले.

नियंत्रित पद्धत १ एप्रिल २००२ रोजी कागदोपत्री संपली. कंपन्या पंधरवड्याला दर बदलू लागल्या, पण २००४ पासून तेल चढू लागताच सरकारचा हात पुन्हा मध्ये आला. जुलै २००८ मध्ये तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले. तोटा भरून काढण्यासाठी कंपन्यांना सव्वा लाख कोटी रुपयांहून अधिक किमतीचे तेलरोखे दिले गेले, म्हणजे आजचा दर उद्याच्या करदात्याच्या नावावर लिहिला. पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले ते जून २०१० मध्ये. विरोधी पक्षांनी ५ जुलैला भारत बंद पुकारला. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका रात्रीत सुमारे साडेसात रुपयांनी वाढले आणि ३१ मेला पुन्हा बंद झाला. मध्यरात्रीच्या परंपरेतली ती आम्हाला आठवणारी शेवटची मोठी रात्र.

त्यानंतर १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज बदलू लागला, सकाळी सहाला. यामागचा युक्तिवाद सरळ होता : बाजार रोज हलतो, तर दरही रोज हलावा, मोठा धक्का टळेल. धक्का टळला हे खरेच. सकाळी सहाला कोणी रांग लावत नाही. बारा पैसे, सतरा पैसे, नऊ पैसे. बैलगाडी जुंपावी तर कोणत्या दिवशी? शंभर रुपयांचे पेट्रोल टाकणाऱ्याला सतरा पैशांनी जो फरक पडतो तो चमचाभर पेट्रोलहून अधिक नसतो, काट्यावरही दिसत नाही.

तरीही हा रोजचा दर कधी कधी हलणेच विसरत असे. २०१८ साली कर्नाटकातील विधानसभेच्या मतदानाआधी तो एकोणीस दिवस जागचा हलला नाही. नोव्हेंबर २०२१ पासून उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका उरकेपर्यंत १३७ दिवस हलला नाही, आणि २२ मार्च २०२२ पासून पंधरवड्यात दहा रुपयांनी वाढला. दर रोज बदलण्याचा नियम न मोडता तो रोज न बदलणे, ही कला नियंत्रणाच्या काळात कोणाला साधली नव्हती.

आणखी एक गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. जून २०१४ मध्ये पिंपाला शंभर डॉलरांच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये तिसाच्या खाली आले. त्या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले, पेट्रोलवर एकूण ११.७७ रुपये. प्रत्येक वाढ ही उतरलेल्या तेलाच्या सावलीत झाली, त्यामुळे पंपावर दर चढला नाही. जितका उतरायला हवा होता तितका उतरला नाही, एवढेच. न झालेली घट माणसाला दिसत नाही. याचा कळस ६ मे २०२० रोजी झाला. टाळेबंदी होती, रस्ते ओस पडले होते, तेल मातीमोल झाले होते. त्या दिवशी केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे दहा रुपये आणि डिझेलवर तेरा रुपये शुल्क वाढवले. किरकोळ दर तसूभर हलला नाही. ७ जूनपासून मात्र सलग तीन आठवडे रोज वाढला. वडील तेव्हा असते आणि वही लिहीत असते तर ६ मेच्या पानावर त्यांना काहीच लिहिता आले नसते.

राज्यानेही यात हात मारून घेतला. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळाचे कारण सांगून महाराष्ट्राने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार लावला. नंतर पाऊस पडला, पण अधिभार दुष्काळाबरोबर गेला नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये तो आणखी वाढला. महामार्गांलगतची दारूची दुकाने बंद झाल्याने घटलेला महसूल त्याच सुमारास चर्चेत होता, आणि पिणाऱ्यांची तूट चालवणाऱ्यांनी भरायची असा विनोद आमच्या स्टाफरूममध्ये चालला होता.

गाडीवाल्याची नजर मेली असे मात्र नाही. काळाऐवजी ती आता भूगोलावर गेली आहे. काल किती होता हे कोणी सांगू शकत नाही. पलीकडे किती आहे हे सीमाभागात सगळ्यांना ठाऊक असते. २०१२ साली गोव्यात पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा कर जवळजवळ शून्यावर आणला, लिटरमागे सुमारे अकरा रुपये उतरले, आणि बांदा-सावंतवाडीच्या गाड्या पत्रादेवीच्या दिशेने वळल्या. आमच्या भागात निपाणी. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकाने कर कमी केला, महाराष्ट्राने केला नाही, मुंबईत १०९.९८ तर बंगळुरात १००.५८ असा दर कित्येक महिने राहिला. सीमेवरही नऊ-दहा रुपयांचा फरक होता.

त्या काळात आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरुण सहकारी होता. नेट झालेला, वाचलेला, रोज साठ-पासष्ट किलोमीटर मोटारसायकलवर. मानधन वर्षातून एकदोनदा हाती पडे, पेट्रोल मात्र रोखीने. दर आठवड्याला शेवटचा तास झाला की तो सात किलोमीटर दक्षिणेला सीमेपलीकडच्या पंपावर जाई. आम्ही एकदा थट्टेने म्हणालो, जाण्यायेण्याचे पेट्रोल धरलेत का? त्याने फळ्यावर खडूने हिशेब मांडला. चौदा किलोमीटरला पाव लिटरहून थोडे अधिक, म्हणजे अठ्ठावीस रुपये. टाकीत आठ लिटर, वाचले पंचाहत्तर. उरले सत्तेचाळीस. “महिन्याला दोनशे होतात, सर,” तो म्हणाला. आम्ही पुढे काही बोललो नाही. त्या हिशेबातला प्रत्येक आकडा त्याला तोंडपाठ होता. आम्ही कायम सेवेतले. आम्हाला त्या दिवशीचा आपल्या गावातला दरही सांगता आला नसता.

पुढे जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पाच रुपये कमी केले, जून २०२४ मध्ये कर्नाटकाने सुमारे तीन रुपये वाढवले, आणि पलीकडे जाण्यात फारसे हशील उरले नाही. तो सहकारीही तोवर नोकरी सोडून गेला होता.

वडिलांच्या वह्या पाहिल्यावर आम्हीही एक वही घातली. लिटर, दर, रक्कम, सगळे लिहायचे असा निश्चय. तीन आठवडे टिकला. मग आम्ही पंपावरची छापील पावती नुसती वहीत खोचून ठेवू लागलो. तीवर सगळेच असते, दर दोन दशांश स्थळांपर्यंत. परवा मागची पाने उलटली, तर पहिल्या महिन्यांच्या पावत्यांवरची शाई उडून कागद कोरे झाले होते.