देवमाशांची चाहूल

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, करमाळा तालुक्यातल्या एका शाळेत 'ध्वनी' या प्रकरणावर बोलायला आम्ही गेलो होतो. बोलणे संपल्यावर मुलांनी आम्हांलाच पाण्यावर नेले. दोघांनी बुडी मारली आणि तिसऱ्याने बऱ्याच अंतरावर पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटले. काठावर आम्हांला जेमतेम ऐकू आले. बुडी मारलेले मात्र वर येऊन म्हणाले, "अगदी कानापाशी वाजवल्यासारखं झालं!" त्यांतल्या एकाने पुढे सांगितले, "इंजिनाची होडी लांब असली तरी पाण्यात आवाज येतो सर, पण कुठल्या बाजूनं येतो ते काही कळत नाही."

मुलाचे निरीक्षण अचूक होते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात त्याच्या चौपटीहून अधिक. आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचतो, त्या फरकावरून आपला मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात तो फरकच चौपटीने घटतो आणि मेंदू गोंधळतो. उजनीच्या हिरवट पाण्यात हातभर खालचे दिसत नाही. नितळ महासागरातही दोनशे मीटरांखाली उजेड जवळजवळ संपतो. आवाज मात्र पुढे जात राहतो.

"मग समुद्रातला देवमासा असाच ऐकून सापडतो का?" असा प्रश्न आला. भीमेचा उगम सह्याद्रीत, पण ती अरबी समुद्राकडे पाठ फिरवून कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. तेव्हा उजनीशी देवमाशांचे नाते काही जुळत नाही. प्रश्न मात्र मोलाचा होता, आणि त्याचे उत्तर देताना थोडा इतिहास सांगावा लागला.

सुरुवात एका तलावातच झाली. १८२६ साली कोलाडाँ आणि स्टुर्म यांनी जिनिव्हाच्या सरोवरात दोन होड्या १३,४८७ मीटर अंतरावर उभ्या केल्या. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगलेली होती. तिच्यावर टोला पडताच त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटे. दुसऱ्या होडीतला माणूस पाण्यात बुडवलेल्या लांब नळीला कान लावून बसे. ठिणगी दिसल्यापासून टोला ऐकू येईपर्यंत सुमारे ९.४ सेकंद लागले. हवेतून आवाजाला चाळीसेक सेकंद लागले असते. वेग निघाला सेकंदाला १,४३५ मीटर. विजेचे कोणतेही उपकरण नसताना काढलेला हा आकडा आजच्या मापनाच्या अगदी जवळचा आहे. (शाळेजवळ तलाव असला तरी हा प्रयोग करायला जाऊ नये. शंभर मीटरला सेकंदाचा चौदावा हिस्साही पुरे होतो, तो मनगटी घड्याळाच्या हाती लागणार नाही. दगडांचा प्रयोग मात्र उथळ पाण्यात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करून पाहावा.)

१९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि हिमनग आवाजाने शोधण्याची धडपड सुरू झाली. १९१४ मध्ये फेसेंडन यांनी हिमनगावरून परतलेला प्रतिध्वनी टिपून दाखवला. त्यानंतर महायुद्धे आली आणि पाणबुड्यांच्या धास्तीने या विद्येला पैसा मिळाला. पाण्यात सोडायचा कान, म्हणजे हायड्रोफोन, याच काळात सुधारत गेला. त्याचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरात आहे. गॅसच्या लायटरमध्ये स्फटिकासारखा एक तुकडा ठोकला की वीज निर्माण होते. हायड्रोफोनमध्ये तसाच तुकडा ध्वनीच्या सूक्ष्म दाबाने वीज देतो.

पाणबुड्यांसाठी लावलेल्या या कानांवर भलतेच काही पडू लागले. सुमारे २० हर्ट्झचे, म्हणजे माणसाच्या कानाच्या अगदी तळाच्या मर्यादेवरचे, ठोके इतके नियमित होते की ते एखाद्या यंत्राचे असावेत अशी शंका घेतली गेली. १९६४ मध्ये शेव्हिल, वॉटकिन्स आणि बॅकस यांनी ते फिन जातीच्या देवमाशांचे असल्याचे दाखवले. बर्म्युडाजवळ वॉटलिंग्टन या नौदलाच्या अभियंत्याने हंपबॅक देवमाशांचे आवाज टिपले होते. १९७१ मध्ये पेन आणि मॅक्व्हे यांनी ते तपासून सांगितले की हे नुसते ओरडणे नाही. स्वरांचे ठरावीक गट ठरावीक क्रमाने तासन्‌तास परत परत येतात, म्हणजे हे गाणेच आहे. ते नर गातात, मुख्यतः प्रजननाच्या हंगामात.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यालगत सुमारे २४० हंपबॅक देवमासे बेकायदा मारले. नोंदी दडवल्या गेल्या. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९७ मध्ये, मिखालेव्ह यांनी त्या प्रसिद्ध केल्या तेव्हा जगाला हे कळले. मारलेल्या माद्यांच्या पोटातील गर्भांच्या वाढीवरून असेही दिसले की हे देवमासे दक्षिण गोलार्धातील भाईबंदांचे वेळापत्रक पाळत नाहीत. पुढे २०१४ मध्ये जनुकीय अभ्यासाने सांगितले की अरबी समुद्रातला हा समूह सुमारे ७०,००० वर्षे वेगळा पडलेला आहे. इतर बहुतेक हंपबॅक थंड समुद्राकडे दूरचा प्रवास करतात, हे वर्षभर इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर केलेल्या गणनेत ते शंभराहूनही कमी निघाले.

मग भारताच्या बाजूला ते उरले होते की नाही? किनाऱ्याला लागणारी एखाददुसरी मृत देहे आणि कोळ्यांची सांगी, एवढाच आधार होता. २०१७ साली गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ उथळ पाण्यात ठेवलेल्या ध्वनिमुद्रकात हंपबॅकचे गाणे सापडले. ध्वनीचा काळ आणि स्वराची उंची दाखवणारा आलेख संगणकावर काढला की गाण्याचे गट नक्षीसारखे उमटतात. लक्षद्वीपजवळच्या हायड्रोफोनांनी पुढे निळ्या देवमाशांचे गाणेही टिपले. उजनीतल्या मुलाची दिशेची अडचणही इथे सुटते: एकमेकांपासून दूर असे तीन-चार हायड्रोफोन ठेवले, की पोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून गाणारा कुठे आहे ते काढता येते.

पण या पद्धतीवर फार भिस्त ठेवू नये, असे आमचे मत आहे. मुंबईकडे ये-जा करणाऱ्या मोठ्या जहाजांचा घरघराट नेमका देवमाशांच्या खालच्या स्वरांवर पसरतो आणि त्यात गाणे बुडून जाते. शिवाय गाणे ऐकू आले नाही म्हणजे देवमासा नाही, असे होत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानला एका हंपबॅकच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले. तिचे नाव लुबान. ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली, कन्याकुमारीच्या बाजूला गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली. लुबान मादी होती. ती गात नव्हती. गाण्याचीच वाट पाहणाऱ्या हायड्रोफोनजवळून ती गेली असती, तरी तिची हजेरी लागली नसती.