माझ्या आईचे पाच तारे

जुलै २०२३ मधली गोष्ट. आई तिच्या भिशीच्या बायकांबरोबर सांगलीत ‘बाईपण भारी देवा’ बघून आली. अकरा जणी होत्या, सगळ्यांनी गॉगल लावून थिएटरबाहेर फोटो काढला. मग एकीच्या घरी चहाला जमल्या. तिथे एकीच्या सुनेने प्रत्येकीच्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं आणि सगळ्यांनी पाच तारे दिले. आईने लिहिलं, ‘खूप छान. सगळ्यांनी बघा.’ बाकीच्यांनीही साधारण तेच लिहिलं.

दोन दिवसांनी आईचा फोन. “अरे, आमचं कुणाचंच दिसत नाहीये तिथं. तुझंच ना ते ॲप?”

ॲप माझं नव्हतं. मी त्या कंपनीत नोकरीला होतो एवढंच. पण बनावट अभिप्राय पकडणारा फिल्टर मात्र मीच लिहिला होता. नियम साधे होते. एकाच वायफायवरून तासाभरात पाचापेक्षा जास्त नवी खाती, सगळ्यांचे पाच तारे, मजकूर चार-पाच शब्दांचा आणि एकमेकांशी जुळणारा, तर ते अभिप्राय गुपचूप लपवायचे. लिहिणाऱ्याला कळवायचंही नाही. नियम माझ्या आईला आणि तिच्या दहा मैत्रिणींना तंतोतंत लागू पडला होता. आमच्या सिस्टिमच्या लेखी त्या अकरा जणी म्हणजे पैसे घेऊन तारे वाटणारी टोळी होती.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. तिकीट काढून, सिनेमा बघून घरी जाणाऱ्या साध्या माणसाचं मत आजवर नेमकं कुणी आणि कसं नोंदवलं? त्याचा शोध घेताना जे हाती लागलं, ते हे.

दोन मैलांची जाहिरात

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. तिकीट एक रुपया. तो प्रेक्षक श्रीमंत होता, पुढे वर्तमानपत्र त्याच्यासाठीच छापलं जात होतं. साध्या प्रेक्षकाची खरी गोष्ट सुरू होते ३ मे १९१३ ला, गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा.

मुंबईत तो चालला, पण सुरतेत गाडी अडली. किस्सा असा सांगतात, की पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. लोकांचं म्हणणं सरळ होतं. दोन आण्यांत सहा तासांचं नाटक मिळतं, मग तीन आण्यांत दीड तासाचा खेळ कशाला बघायचा? दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा बदलला नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत! गर्दी लोटली.

इंजिनिअर असल्याने मी हिशेब करून पाहिला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात. सत्तावन्न हजार फोटो म्हणजे साधारण ३,५६० फूट. सिनेमाची लांबी ३,७०० फूट सांगितली जाते, तेव्हा हा आकडा बरोबर. पण दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट! म्हणजे आकडे फुगवून सिनेमा खपवायची पद्धत आपल्या पहिल्याच सिनेमाइतकी जुनी आहे. आणि ती जाहिरात ज्याला उत्तर होती, ते सुरतेच्या प्रेक्षकाचं मत कुठे लिहिलेलं नव्हतं. ते रिकाम्या खुर्च्यांमध्ये होतं.

४,३२५ प्रश्नावल्या

सिनेमाबद्दल लोकांना काय वाटतं हे सरकारने पहिल्यांदा पद्धतशीर विचारलं १९२७ मध्ये. मद्रासचे वकील टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली ‘इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी’ नेमली गेली. इंग्रज सरकारला दोन काळज्या होत्या. अमेरिकन सिनेमे बघून हिंदी लोकांच्या मनातला गोऱ्यांचा दरारा कमी होतो की काय, आणि हॉलिवूडच्या जागी ब्रिटिश सिनेमे कसे घुसवता येतील. समितीने देशभर ४,३२५ प्रश्नावल्या पाठवल्या आणि ३५३ साक्षीदार तपासले. फाळक्यांचीही साक्ष झाली. गांधीजींनी कळवलं की आपण कधी सिनेमाला गेलोच नाही, पण त्याने होणारं नुकसान उघड दिसतं. न बघता मत देणारे तेव्हाही होते आणि ते थोर लोकही होते, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

पण साक्षीदार कोण होते? पोलीस अधिकारी, शिक्षक, मिशनरी, संपादक, थिएटरमालक, निर्माते. अशिक्षित प्रेक्षकावर सिनेमाचा काय परिणाम होतो, यावर पानंच्या पानं चर्चा आहे. पण चार आण्यांच्या बाकड्यावर बसणाऱ्या त्या प्रेक्षकाला बोलावून विचारावं असं फारसं कुणाला वाटलेलं दिसत नाही. त्याचं मत थिएटरमालकांच्या तोंडून येतं. डग्लस फेअरबँक्सचा ‘थीफ ऑफ बगदाद’ तुफान चालला, पौराणिक चित्रपटांना स्वस्त तिकिटांची गर्दी होते, वगैरे. गंमत म्हणजे समितीने ब्रिटिश सिनेमांना खास सवलत द्यायची कल्पना उचलून धरली नाही. लोकांना हवं ते दाखवायचं असेल तर देशी सिनेमा वाढवा, असाच तिच्या अहवालाचा रोख होता. न विचारलेल्या माणसाचं मत अशा आडवाटेने सरकारी कागदात शिरलं.

आठवडे मोजायचे दिवस

नंतरच्या काळात या मताला एक एकक मिळालं. ते म्हणजे आठवडा. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सव. डिसेंबर १९३६ मध्ये आलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात सलग वर्षभराहून जास्त चालला. दामले-फत्तेलालांच्या या सिनेमाचं पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही कौतुक झालं. १९५९ चा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये अडीच वर्षं मुक्काम ठोकून होता.

हे एकक मला डेटावाला म्हणून फार आवडतं. आठवडे फुगवता येत नव्हते असं नाही. निर्माते स्वतःच तिकिटं काढून सिनेमा ताणायचे. पण त्याला रोख पैसे लागायचे. खोटं मत महाग होतं. शिवाय आठवडा हळू चालतो. सोमवारी कुणी बाजारात सांगितलं, बुधवारी शेजारीण गेली, रविवारी पाहुणे आले, असं मत पसरायला वेळ मिळायचा. जत्रेतल्या तंबू सिनेमात तर एका रात्रीत निकाल लागे. पहिला खेळ सुटला की बाहेर येणारे लोक तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना ‘जा’ किंवा ‘नको’ सांगून जात.

छापील समीक्षा होती, नाही असं नाही. १९३५ पासून बाबूराव पटेल ‘फिल्मइंडिया’तून भल्याभल्यांची सालटी काढत होते. त्यात वाचकांची पत्रं आणि बाबूरावांची तिखट उत्तरं हे सदर लोकप्रिय होतं. पण अंक इंग्रजी. तिथे पत्र लिहिणारा आणि तंबूबाहेर ‘जा’ म्हणणारा, हे दोन वेगळे प्रेक्षक होते.

फसलेले जाणकार

या दोघांचं जुळत नाही तेव्हा काय होतं? तीन उदाहरणं देतो.

१९७१ मध्ये दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ आला. दादरच्या कोहिनूर थिएटरला त्याऐवजी हिंदी सिनेमा लावायचा होता. बाळासाहेब ठाकरे यांनी शिवसैनिकांना तिथे पाठवलं आणि सिनेमा लागला. राजकारणाने पडदा मिळवून दिला हे खरं, पण पुढचे आठवडे राजकारणाने भरले नाहीत. ते लालबाग-परळच्या गिरणी कामगारांनी आणि गावोगावच्या लोकांनी भरले. दादांच्या सिनेमांना नाकं मुरडणारे मुरडत राहिले. त्यांचे ओळीने नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले.

१५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ आला. पहिल्या काही दिवसांत धंद्यातल्या जाणकारांनी तो पडल्यात जमा केला होता. शेवट बदलून पुन्हा चित्रीकरण करावं का, इथपर्यंत चर्चा गेली. याच काळातला एक किस्सा मला फार आवडतो. वरळीच्या एका थिएटरमालकाने रमेश सिप्पींना धीर दिला म्हणे, की चिंता करू नका, माझ्या कँटीनची विक्री घटली आहे. मध्यंतरात लोक थंड पेय घ्यायला बाहेरच येत नाहीत, सुन्न होऊन खुर्चीत बसून राहतात. जाणकारांनी शांततेचा अर्थ ‘आवडला नाही’ असा लावला. कँटीनवाल्याने बरोबर लावला. ‘शोले’ मिनर्व्हाला पाच वर्षं होता.

त्याच वर्षी किरकोळ खर्चात बनलेला ‘जय संतोषी माँ’ही आला. लोक चपला बाहेर काढून आत जात, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळत. याला किती तारे द्यायचे?

तिसरं उदाहरण आमच्या घरातलं. १९९१ चा ‘माहेरची साडी’. रडका, मेलोड्रामा, अशी त्याची चेष्टा मी लहानपणापासून ऐकली. कॉलेजात मीही ती केली. आईच्या फोननंतर तिला सहज विचारलं, तर म्हणाली, “आज्जीनं तीनदा बघितला. पहिल्यांदा आम्हाला घेऊन, दुसऱ्यांदा जावांबरोबर. तिसऱ्यांदा एकटीच गेली. आयुष्यात एकटीनं बघितलेला तिचा एकच सिनेमा.”

आज्जी एकटी का गेली, हे आईने विचारलं नव्हतं. आज्जी आता नाही. सिनेमा चांगला की वाईट, हा वाद तुम्ही घाला. पण सासर-माहेरात अडकलेल्या बाईची गोष्ट बघायला एक बाई तिसऱ्यांदा एकटी जाते, हे मत आहे, आणि ते कुठल्याच समीक्षेत आलेलं नाही.

तारे

माझा जन्म १९९७ चा. त्याच वर्षी दिल्लीत देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स सुरू झालं. पुढच्या वीस वर्षांत पडदे वाढले आणि मुदत घटली. आता सिनेमाचं नशीब पहिल्या शनिवार-रविवारात ठरतं. ‘सैराट’सारखा एखादा अपवाद. एप्रिल २०१६ मध्ये तो आला आणि थिएटरमध्ये पोरं खुर्च्या सोडून नाचली, शंभर कोटींच्या बातम्या झाल्या. बाकी मराठी सिनेमाला सोयीची वेळ मिळणंच मुश्कील. म्हणजे शेजारणीचं मत पोचेपर्यंत सिनेमा उतरलेला असतो. ही घाई भरून काढायला तारे आले.

ताऱ्यांचीही एक पद्धत असते. आयएमडीबी १९९० मध्ये इंटरनेटवरच्या हौशी लोकांच्या याद्यांमधून जन्माला आलं. तिथे उत्तम चित्रपटांची क्रमवारी ठरवताना साधी सरासरी वापरत नाहीत. मतं कमी असतील तर गुण सर्वसाधारण सरासरीकडे ओढले जातात. समजा, दहा जणांनी ९ गुण दिले, एकूण सरासरी ७ आहे आणि सूत्र त्यात नव्वद काल्पनिक ‘सरासरी’ मतं मिसळतं. उत्तर येतं ७.२. हेतू चांगला आहे, चार मित्रांनी मिळून सिनेमा डोक्यावर चढवू नये. पण थोड्या लोकांचं खरं प्रेमही त्यात विरून जातं. माझा फिल्टर त्याच विचाराचा होता, फक्त जास्त आडदांड. त्याने आईचं मत विरघळवलं नाही, पुसलंच.

आणि खरं सांगतो, फिल्टर काढून टाकणं हा उपाय नव्हता. पैसे घेऊन तारे देणाऱ्या टोळ्या आहेत, मी त्या रोज बघत होतो. अडचण ही की त्या नक्कल करतात ती नेमकी आईसारख्यांचीच. छोटं वाक्य, भरभरून कौतुक, एकाच वेळी. खोट्याने साध्या माणसाची भाषा चोरली आणि मी साध्या माणसालाच चोर ठरवलं. लांबलचक परिच्छेद लिहिणाऱ्याला मात्र माझा नियम कधीच अडवत नव्हता. १९२७ ची समिती ज्यांना साक्षीला बोलावत होती, साधारण तीच माणसं माझ्या नियमातून सुखरूप पुढे जात होती.

मी टीममध्ये हे मांडलं. गट म्हणून सिनेमाला जाणं ही आपल्याकडे संशयाची गोष्ट नाही, एकत्र काढलेली तिकिटं असतील तर तो पुरावा धरा, असं सुचवलं. मॅनेजरनी ऐकून घेतलं. बदल मंजूर व्हायला सात आठवडे लागले. त्या अकरा जणींचे तारे दिसू लागले, तेव्हा त्यांनी सिनेमा बघितला त्या थिएटरवर दुसरंच पोस्टर लागलं होतं.

आईला स्क्रीनशॉट पाठवला. ती म्हणाली, “आता कशाला? ज्यांना सांगायचं होतं त्यांना आम्ही तेव्हाच सांगितलं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या जणी जाऊन आल्या.”