ठिणगीचा अंश : प्रज्वलनाची वेळ आणि पेट्रोलचा इतिहास

पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमक्या कोणत्या क्षणी पडावी, हा प्रश्न मोटारगाडीइतकाच जुना आहे, आणि प्रत्येक काळाने त्याला दिलेले उत्तर त्या काळच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलने ठरवलेले आहे. पिस्टन सिलिंडरमध्ये सर्वांत वर पोचतो त्या स्थितीला ‘टॉप डेड सेंटर’ म्हणतात. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका क्षणात भडकत नाही, ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि तिला वेळ लागतो. म्हणून जळण्याचा सर्वाधिक दाब पिस्टन खाली वळल्यानंतर लगेच मिळावा यासाठी ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पाडावी लागते. ही आघाडी क्रँकशाफ्टच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात. ती वाढवणे म्हणजे ॲडव्हान्स, कमी करणे म्हणजे रिटार्ड. मिनिटाला १,००० फेरे घेणारा क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो आणि ६,००० फेऱ्यांना तेवढ्याच काळात ३६ अंश, हे ध्यानात घेतले म्हणजे एकच आघाडी सर्व वेगांना का पुरत नाही हे उघड होते.

आरंभीच्या इंजिनांत या प्रश्नाला फारसा वावच नव्हता. डाइमलर आणि मायबाख यांच्या इंजिनांत बर्नरने तापवलेली नळी मिश्रण पेटवत असे, आणि पेटण्याचा क्षण त्या नळीच्या तापमानावर सोडलेला असे. कार्ल बेंझ यांनी १८८६ च्या आपल्या गाडीत विजेची ठिणगी वापरली, तर श्टुटगार्टमधील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च विद्युतदाब निर्माण करणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला, तेव्हा वेगाने फिरणाऱ्या इंजिनालाही भरवशाची ठिणगी मिळू लागली. ती केव्हा पाडायची हे मात्र चालकाच्या हाती राहिले. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगच्या डाव्या बाजूचा दांडा ठिणगीचा आणि उजव्या बाजूचा इंधनाचा असे. गाडी वेग घेऊ लागली की चालक ठिणगी ॲडव्हान्स करी, चढ लागला की मागे घेई, आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्यापूर्वी दांडा रिटार्ड करायला विसरला तर हँडल उलटे फिरून त्याचे मनगट मोडण्याची वेळ येई. त्या पिढीच्या चालकांना टायमिंग म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली बॅटरीवर चालणारी प्रज्वलनपद्धती १९१० च्या सुमारास कॅडिलॅकमध्ये आली आणि पुढे सुमारे साठ वर्षे तीच जगभर रूढ राहिली. हिच्यात कॅमवर उघडझाप करणारे ‘पॉइंट’ कॉइलचा प्रवाह तोडतात, त्यासरशी कॉइलचे चुंबकीय क्षेत्र कोसळून हजारो व्होल्ट निर्माण होतात आणि डिस्ट्रिब्युटर तो दाब पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे पाठवतो. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन लहान वजने बसवलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जाऊन आघाडी आपोआप वाढवतात. कमी भाराच्या वेळी सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे असते व सावकाश जळते, म्हणून इनलेट मॅनिफोल्डमधील निर्वात ओढीवर चालणारी व्हॅक्यूमची डबी आणखी काही अंश जोडते. चालकाच्या हातातला दांडा अशा रीतीने नाहीसा झाला आणि मेकॅनिककडे एकच निर्णय उरला, तो म्हणजे हा सारा क्रम कोणत्या अंशापासून सुरू व्हावा याचा.

त्या अंशाची मर्यादा इंधनाने घातली होती. ठिणगी फार लवकर पडली, तर ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि ते चालूच राहिले तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. ब्रिटनमध्ये हॅरी रिकार्डो यांनी कॉम्प्रेशन बदलता येणाऱ्या इंजिनावर निरनिराळी पेट्रोले तपासून दोष इंधनाच्या जातीत आहे हे दाखवले. अमेरिकेत टॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग नॉकिंग दाबते असे शोधून काढले, १९२३ मध्ये ते पंपावर आले, आणि त्याच दशकात नॉकिंगला दाद न देण्याची इंधनाची क्षमता मोजणारी ऑक्टेनची मोजपट्टीही तयार झाली. शिसे विषारी आहे हे त्या काळीही ठाऊक होते. कारखान्यांतील कामगार त्याने दगावले, तरी ते विकले गेले, आणि वेगवान गाड्यांच्या इतिहासातील ही सर्वांत लाजिरवाणी गोष्ट मानली पाहिजे.

इंधन आणि अंश यांचे हे नाते जॅग्वारच्या एक्सके इंजिनाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. युद्धकाळात कोव्हेंट्रीच्या कारखान्यात आगीवर रात्रपहारा करताना विल्यम लायन्स, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांनी त्याची चर्चा केली, आणि १९४८ च्या लंडन प्रदर्शनात एक्सके १२० गाडीत ते लोकांसमोर आले : ३,४४२ सीसी, सहा सिलिंडर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आणि ५,००० फेऱ्यांना १६० अश्वशक्ती. परंतु त्या वेळी ब्रिटनमध्ये सर्व कंपन्यांचे पेट्रोल एकत्र करून विकले जाणारे, सुमारे ७० ऑक्टेनचे ‘पूल’ पेट्रोलच मिळत होते. म्हणून मिश्रण किती पटींनी दाबले जाते हे सांगणारा कॉम्प्रेशन रेशो ८ ठेवूनही हलक्या पेट्रोलच्या प्रदेशांसाठी ७ चा पर्याय द्यावा लागला. फेब्रुवारी १९५३ मध्ये निरनिराळ्या दर्जांचे पेट्रोल पुन्हा मिळू लागले, आणि १९६१ च्या ई-टाइपमध्ये त्याच इंजिनाचा ३.८ लिटरचा अवतार ९ च्या रेशोवर चालू लागला. रेशो बदलला की टायमिंगचा अंशही बदले, आणि माहितीपुस्तिकेतला तो आकडा कोणत्या पेट्रोलला धरून लिहिला आहे हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता.

हा अंश लावण्याची जुनी रीत साधी दिसते, पण तिच्यात घाई चालत नाही. पॉइंटमधील फट रुंदावली की ते लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप ॲडव्हान्स होते; म्हणून लुकास या ब्रिटिश कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये आधी ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची फट फीलर गेजने बसवावी लागते, अंशाचा विचार त्यानंतर. मग क्रँक त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवत इंजिनावर कोरलेल्या अंशाच्या खुणेवर आणतात, आणि खूण ओलांडली गेली तर बरेच मागे नेऊन पुन्हा पुढे आणतात, कारण डिस्ट्रिब्युटरला फिरवणाऱ्या जोडणीतला ढिलेपणा एका बाजूला गेल्याशिवाय खुणेवर भरवसा ठेवता येत नाही. ही खूण पहिल्या सिलिंडरच्या पिस्टनला धरून असते, आणि एक्सके इंजिनात तो सिलिंडर मागचा, म्हणजे फ्लायव्हीलकडचा आहे. पुढून मोजण्याची सवय असलेले अनेक जण इथेच चुकतात. बल्बची एक तार डिस्ट्रिब्युटरच्या लहान टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला जोडून इग्निशन सुरू करतात व डिस्ट्रिब्युटर अगदी सावकाश फिरवतात. पॉइंट जुळलेले असेपर्यंत बल्ब विझलेला राहतो आणि ते विलग होताच पेटतो. त्याच जागी क्लॅम्प आवळायचा असतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने त्याच्यावरची एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. शेवटी गाडी टॉप गिअरमध्ये कमी वेगाने चालवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि क्षणभर हलकेसे नॉकिंग येऊन विरते का ते ऐकतात.

अमेरिकी अभियंते हॅरल्ड एडगर्टन यांच्या १९३० च्या दशकातील स्ट्रोबोस्कोपमागे, म्हणजे लुकलुकणाऱ्या प्रकाशात फिरती वस्तू थांबलेली दाखवणाऱ्या उपकरणामागे, जे तत्त्व होते, त्याच तत्त्वावर चालणारा टायमिंगचा दिवा गॅरेजांत आला, तेव्हा चालत्या इंजिनावरची खूण थबकलेली दिसू लागली आणि एक नवी बाब उघड झाली. वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील, तर सावकाश चालणाऱ्या इंजिनावर अंश बरोबर दिसूनही वेगात तो भलतीकडे गेलेला असतो. उच्च क्षमतेच्या इंजिनात म्हणून वरच्या वेगाला मिळणारी एकूण आघाडी हीच खरी कसोटी होय. या वेगाने शेवटी पॉइंटांनाही हरवले : सहा सिलिंडरना ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला ३०० ठिणग्या लागतात आणि बारा सिलिंडरना ६००. फेरारीने बारा सिलिंडरांसाठी दोन डिस्ट्रिब्युटर वापरले. जॅग्वारने १९७१ च्या व्ही-१२ इंजिनात पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक पद्धत आणली. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७३२आय गाडीत बॉशच्या मोट्रॉनिक संगणकाने इंधन आणि ठिणगी दोन्हींचा ताबा घेतला, आणि मेकॅनिकचा तो एकमेव निर्णयही संपला.

जुन्या इंजिनांपुढे मात्र तो निर्णय आजही उभा आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये २००० सालापासून पंपावरचे पेट्रोल शिसेविरहित झाले, आणि आता त्यात इथेनॉल मिसळलेले असते. त्याने नॉकिंग सहन करण्याची शक्ती वाढते, पण जुन्या कार्बोरेटरला मिश्रण विरळ पडते. १९५० च्या पुस्तिकेतला अंश ज्या पेट्रोलसाठी लिहिला गेला, ते आज कुठेच मिळत नाही. पुस्तिकेचा आकडा आरंभासाठी घ्यावा, नॉकिंग ऐकू येताच एकेक अंश मागे यावे, आणि अंतिम आकडा आजच्या पेट्रोलवर, प्रत्यक्ष रस्त्यावरच ठरवावा.