नाट्यपदाची चाल कोणाची?

‘मानापमाना’ची गोष्ट निघाली कीं आपण गोविंदराव टेंब्यांचें नांव घेतों, ‘स्वयंवरा’ची निघाली कीं भास्करबुवा बखल्यांचें. हीं उत्तरें खोटीं नाहींत. परंतु अपुरीं आहेत, आणि त्या अपुरेपणांत कित्येकांचें श्रेय हरवलें आहे.

१८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां पदें रचणारा आणि त्यांना चाली लावणारा एकच होता. साकी, दिंडी, लावणी, कीर्तन यांतील परिचित चालींवर त्यांनीं शब्द बांधले. १९११ सालीं ‘मानापमान’ आलें, तेव्हां मात्र काम वांटलें गेलें. शब्द कृष्णाजीपंत खाडिलकरांचे, चाली टेंब्यांच्या, आणि भामिनीचा गळा बालगंधर्वांचा. टेंब्यांनीं पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांतून कित्येक चाली वेंचल्या. त्या चाली ज्या कलावंतिणींनीं आपल्या कंठांत जोपासल्या, त्यांपैकीं बहुतेकींचीं नांवें आज आपल्या स्मरणांत नाहींत.

१९१६ च्या ‘स्वयंवरां’त भास्करबुवांनीं ख्यालाच्या बंदिशी नाटकांत आणल्या. या विद्येमागें फैज महंमदखां, नत्थनखां आणि अल्लादियाखां या तीन गुरूंची तालीम होती. भूपांत मध्यम व निषाद वर्ज्य, यमनांत मध्यम तीव्र, हें शास्त्र सांगतें. परंतु रुक्मिणीच्या लज्जेला कोणती बंदिश शोभेल, हें तें सांगत नाहीं. तेथें गवयाची जाण लागते. चाल आधीं ठरली म्हणजे कवीला समेवर वजनदार अक्षर आणावें लागतें, आणि आलापासाठीं आकार राखून ठेवावा लागतो. खाडिलकरांचे शब्द कोठें कोठें ओढून बसविल्यासारखे वाटतात, त्याचें एक कारण येथें आहे. कागदावर जो दोष दिसतो, तो बालगंधर्वांच्या गळ्यांत विरून जात असे.

मग शास्त्राला कांहींच किंमत नाहीं काय? तसें नाहीं. त्याच सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठींत लिहीत होते. परंतु त्यांनीं तरी काय केलें? जुने ग्रंथ पाहिले, गांवोगांव हिंडून उस्तादांकडून चिजा मिळविल्या, त्या ताडून पाहिल्या आणि मग नियम मांडले. म्हणजे शास्त्रहि अनेकांच्या गळ्यांतूनच उतरलेलें असतें. तें रागाचें रूप बिघडूं देत नाहीं. नवी चाल मात्र तें एकटें प्रसवत नाहीं.

म्हणून नाट्यपद ऐकतांना एकच नांव घेऊन थांबूं नये. कवीनें शब्दांचा हट्ट सोडला, गवयानें घराण्याची ठेव मोकळी केली, नटानें तिच्यांत आपला प्राण ओतला. आणि ज्यांनीं मूळ चाल दिली, त्यांच्या वांट्याला टाळ्याहि आल्या नाहींत. त्यांचें ऋण आपण फेडूं शकणार नाहीं. पण तें मान्य करणें आपल्या हातीं आहे.